रोजकीर्द कोण शिकवणार?

बारावीचा निकाल लागला की नाशिकच्या कॉलेज रोडवर फलक आणि पालक दोन्ही वाढतात. फलकांवर ‘फुल स्टॅक’, ‘सहा महिन्यांत वेब डेव्हलपर’, ‘शंभर टक्के प्लेसमेंट’. पालकांच्या हातात गुणपत्रिकेच्या झेरॉक्स आणि तोंडी एकच प्रश्न: बीसीएस घ्यावं, बीसीए घ्यावं की बीबीए-सीए? प्रश्नामागचा हिशेब सरळ असतो. मुलाला कॉम्प्युटर येईल, वेबसाइट करता येतील, शिवाय धंद्याचंही थोडं कळेल. नोकरी लागली तर उत्तमच, नाही लागली तर स्वतःचं काहीतरी काढेल. एका फीमध्ये तीन गोष्टी पदरात.

हिशेब वाईट नाही. या तीन गोष्टी एकत्र शिकाव्यात असंच माझंही मत आहे. पण त्यांची किंमत लावताना घरोघरी गफलत होते. वेबचं आकर्षण सगळ्यात मोठं, म्हणून कॉलेज निवडताना तेच पाहिलं जातं. संगणकाचा पाया ‘असतोच’ असं गृहीत धरलं जातं. आणि व्यवसायाचे विषय म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायची थिअरी. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. तिन्हींत अवघड विषय व्यवसायाचा आहे, कॉलेजात जाऊनच शिकावा असा पाया संगणकाचा आहे, आणि वेब ही पदवी निवडण्याची सगळ्यात लंगडी सबब आहे.

आधी नावांचा गुंता थोडक्यात सोडवून टाकू. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या नाशिकमधल्या कॉलेजांत बी.एस्सी. (कॉम्प्युटर सायन्स) हा विज्ञान शाखेचा अभ्यासक्रम. बोलताना त्यालाच बीसीएस म्हणतात. त्यात गणित आणि इलेक्ट्रॉनिक्स यांना चुकवता येत नाही. बीबीए (कॉम्प्युटर ॲप्लिकेशन) वाणिज्य शाखेचा. पूर्वी तोच बीसीए या नावाने चालायचा आणि विज्ञान शाखेची बीसीए निराळी होती, त्यामुळे थोरल्या बहिणीचं प्रमाणपत्र बघून धाकट्याचा प्रवेश ठरवणाऱ्या घरांची आजही फसगत होते. २०२४-२५ पासून एआयसीटीईने बीबीए, बीसीए, बीएमएस आपल्या कक्षेत घेतले आणि राज्यात त्यांच्यासाठी सीईटी आली. पहिल्या वर्षी जागा लाखाच्या वर आणि परीक्षा देणारे पन्नास हजारांच्या आत, असा प्रकार झाला. मग पुन्हा एकदा सीईटी घ्यावी लागली. राज्यात काही कॉलेजांनी तर अभ्यासक्रमाचं नावच बदलून वाट काढली. त्याच वर्षी संलग्न कॉलेजांत नवं शैक्षणिक धोरण उतरलं: मेजर, मायनर, चौथ्या वर्षाची ऑनर्स. कागदावर बी.कॉम.चा विद्यार्थी संगणक मायनर घेऊ शकतो. प्रत्यक्षात कॉलेजकडे ज्या विषयाचा शिक्षक, तोच विषय मायनर.

आता वेबबद्दल. त्याची साधनंच बघा. जेक्वेरी आली २००६ मध्ये, अँग्युलरजेएस २०१० मध्ये, रिॲक्ट २०१३ मध्ये. यातल्या अँग्युलरजेएसचा अधिकृत आधार २०२१ संपताना बंदही झाला. सुमारे अकरा वर्षांत एका साधनाचा जन्म, बोलबाला आणि निवृत्ती. विद्यापीठाचा अभ्यासक्रम ठरतो, अभ्यास मंडळातून जातो, पुस्तकं छापली जातात, आणि पहिल्या वर्षाला आलेला मुलगा तो विषय तिसऱ्या वर्षी शिकतो. तोवर बाजार पुढे गेलेला असतो. यात शिक्षकांचा आळस नाही. चाल वेगवेगळी आहे, इतकंच. याउलट कॉडने रिलेशनल डेटाबेसची मांडणी केली १९७० मध्ये, एसक्यूएल त्याच दशकातलं, आणि दोन्ही आजही सातपूरच्या कारखान्यापासून बँकेपर्यंत सगळीकडे चालतात. द्विनोंदी पद्धत पाचिओलीने छापली १४९४ मध्ये. जे सावकाश जुनं होतं त्यासाठी तीन वर्षं आणि फी द्यावी. जे झपाट्याने जुनं होतं ते घरी बसून, फुकटच्या व्हिडिओंवरून, चुका करत शिकावं. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट शिकायला कुणाची परवानगी लागत नाही. शिवाय २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून लॉगिनचं पान, खरेदीची टोपली, ॲडमिन पॅनल या गोष्टी सांगितल्या की तयार मिळतात. तयार झालेलं बरोबर आहे का, हे ओळखणारा माणूस मात्र तयार मिळत नाही.

हे ओळखायचं म्हणजे काय, ते एका तोंडी परीक्षेत पाहिलं. कॉलेज कुठलं ते महत्त्वाचं नाही. बीबीए (सीए)च्या तिसऱ्या वर्षाचे प्रोजेक्ट होते. एका मुलीने आणि तिच्या जोडीदाराने किराणा मालाच्या होलसेल दुकानाची बिलिंग सिस्टीम केली होती. पडदे नीटनेटके, रंगसंगती छान, मोबाइलवरही व्यवस्थित दिसणारी. बिलांची यादी होती आणि प्रत्येक बिलासमोर कचऱ्याच्या डब्याचं लाल चिन्ह. मी विचारलं, गिऱ्हाइकाने पाच पोत्यांतलं एक पोतं परत आणलं तर?

“सर, बिल डिलीट करायचं आणि चार पोत्यांचं नवीन करायचं.”

“बिल मागच्या महिन्याचं आहे. जीएसटीचं रिटर्न भरून झालंय. गिऱ्हाइकाने त्याच्या बाजूने क्रेडिटही घेतलंय.”

मुलगी गप्प झाली. जोडीदार मदतीला आला. “सर, तो पोर्शन अकाउंट्सचा आहे.”

उद्धटपणा अजिबात नव्हता त्याच्या बोलण्यात. वेळापत्रकाने जे शिकवलं तेच तो सांगत होता. सोमवारी दहा ते अकरा अकाउंट्स, मंगळवारी एक ते तीन पीएचपीचं प्रॅक्टिकल. एका वहीत क्रेडिट नोटची व्याख्या पाच गुणांसाठी पाठ केलेली, आणि दुसऱ्या वहीत लाल डबा. दोन्ही वह्या एकाच दप्तरात. अभ्यासक्रमाच्या नावात जोड आहे, पण तो जोड घालण्याचं काम कुणाकडेच सोपवलेलं नाही.

या एका लाल डब्यावर एक अख्खं सत्र शिकवता येईल. रविवार कारंज्यावरच्या जुन्या पेढीत मुनीमजी रोजकीर्द लिहायचे तेव्हा खाडाखोड करायची सोय नव्हती. चूक झाली तर खाली उलट नोंद घालायची. चूकही वहीत राहायची आणि दुरुस्तीही. मग रोजकिर्दीवरून खतावणी. रोजकिर्दीत घडलेल्या घटना, घडल्या त्या क्रमाने; खतावणीत त्याच घटनांची माणूसवार, मालवार मांडणी. खतावणी फाटली तर रोजकिर्दीवरून पुन्हा लिहिता येते. रोजकीर्द गेली की सगळंच गेलं. डेटाबेसचं इंजिन आतून याच तत्त्वावर चालतं: आधी लॉगमध्ये नोंद, मग तक्त्यांत बदल, आणि वीज गेली तर लॉगवरून पुन्हा उभारणी. संगणकाच्या तासाला हे ‘ट्रान्झॅक्शन रिकव्हरी’ म्हणून येतं आणि अकाउंट्सच्या तासाला ‘बुक्स ऑफ ओरिजिनल एंट्री’ म्हणून. दोन्ही शिक्षक आपापल्या परीने बरोबर शिकवतात. ही एकच गोष्ट आहे, हे मुलांना सांगायचं राहून जातं.

खाडाखोड चालत नाही, हे कायद्यालाही कळलेलं आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना हिशेबासाठी असंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं, ज्यात प्रत्येक बदलाची नोंद तारखेसकट राहते आणि ती नोंद बंद करता येत नाही. म्हणजे त्या मुलीने उद्या एखाद्या खासगी मर्यादित कंपनीला तिची सिस्टीम विकली, तर तो लाल डबा नियमभंग ठरेल. पीएचपी उत्तम येत असूनही.

संगणकाची धंद्याशी गाठ नवी आहे, असा एक समज आहे. तो खोटा ठरवायला लिओ नावाचा संगणक पुरेसा आहे. लंडनमध्ये चहाची दुकानं आणि बेकऱ्या चालवणारी जे. लायन्स नावाची कंपनी होती. तिने केंब्रिजच्या संशोधकांचा आधार घेऊन स्वतःचा संगणक बांधला, आणि नोव्हेंबर १९५१ मध्ये त्यावर बेकरीच्या मालाच्या मूल्यांकनाचं काम नियमित सुरू झालं. नेहमीच्या कार्यालयीन कामासाठी चाललेला जगातला पहिला संगणक तोच. तो चहावाल्यांकडे का जन्मला? कारण कचेरीतलं काम कसं चालतं याचा अभ्यास करणारा स्वतंत्र विभाग त्या कंपनीत कित्येक वर्षं आधीपासून होता. पावाच्या लादीचा हिशेब कुठून निघतो, कुठल्या टेबलावर जातो, कुठे अडतो, हे त्यांना यंत्र येण्याआधी माहीत होतं. प्रोग्रॅम लिहिणारेही त्यांनी कंपनीतल्याच कचेरीच्या माणसांतून निवडून घडवले. कामाची जाण आधी आणि यंत्र नंतर, हा क्रम आपल्याकडे उलटला. २००१ मध्ये एमकेसीएल आली, पाठोपाठ एमएस-सीआयटी, आणि महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत माउस पोचला. त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण ‘कॉम्प्युटर येणं’ म्हणजे एक प्रमाणपत्र आणि त्यावर नोकरी, ही समजूतही तेव्हाच घट्ट झाली. ती अजून सुटलेली नाही.

नाशिकला या विषयावर लंडनकडून धडे घेण्याची फारशी गरज नाही खरं तर. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षांकडे बघावं. २००३ मध्ये युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि निर्यात धोक्यात आली. ग्राहक विचारत होता, हा घड कुठल्या बागेतला? सांगता येत नव्हतं. त्यातून शेतमालाच्या निर्यातीचं काम पाहणाऱ्या अपेडाने २००६ मध्ये ग्रेपनेट उभं केलं. शेतकऱ्याची बाग कृषी खात्याकडे नोंदवायची, प्लॉटला नोंदणी क्रमांक मिळणार, त्या प्लॉटमधूनच प्रयोगशाळा नमुना घेणार, अहवाल संगणकावर जाणार, पास झाला तरच पॅकहाऊस, मग ॲगमार्क, मग फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र. रॉटरडॅमच्या गोदामातल्या पेटीवरून मोहाडीच्या बागेपर्यंत मागे येता यावं अशी ही साखळी. शेतमालाचा माग ठेवणारी अशी व्यवस्था देशात त्याआधी या आकारात झालेली नव्हती, आणि ती ज्यांच्यावर आजमावली गेली त्यांत नाशिकचे बागाईतदार मोठ्या संख्येने होते.

मग आलं २०१०. छाटणीनंतर वेलीची नुसती वाढ रोखून घड धरावेत म्हणून बागाईतदार सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, फवारत. वर्षानुवर्षं फवारत आले होते. त्या वर्षी युरोपातल्या प्रयोगशाळांनी ते शोधलं, मर्यादेपेक्षा जास्त सापडलं, आणि कंटेनर बंदरांत अडकले. कोट्यवधींचा फटका बसला; भरपाईसाठीची ओरड पुढे कित्येक वर्षं चालली. मला या प्रकरणात एकच गोष्ट दाखवायची आहे. ग्रेपनेट त्या वर्षी बंद पडलं नव्हतं. सर्व्हर चालू होता, अहवाल चढत होते, प्रमाणपत्रं निघत होती. आपल्याकडे ज्या रसायनांची तपासणी करायची त्यांच्या यादीत सीसीसी नव्हतं. सिस्टीमला जे विचारलं त्याचं उत्तर तिने चोख दिलं. जे विचारायला हवं होतं ते तक्त्यात नव्हतं. ही चूक वेब डेव्हलपरला सापडणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने सगळं चालतंय. निव्वळ एमबीए झालेल्यालाही सापडणार नाही, कारण यादी कुठल्या तक्त्यात कशी बसते ते त्याला दिसत नाही. युरोपातला नियम बदलला की आपल्या कुठल्या प्रयोगशाळेच्या कुठल्या यादीत कोणी, किती दिवसांत बदल करायचा, हा प्रश्न ज्याला पडेल तो माणूस घडवायचा असेल, तरच हे दोन विषय एका पदवीत ठेवण्याला अर्थ.

कांद्याचंही तेच. लासलगावच्या लिलावाचं ॲप करायची कल्पना दर दोन-तीन वर्षांनी कुठल्या तरी हॅकेथॉनमध्ये येते. फोटो काढा, प्रतवारी करा, घरबसल्या बोली लावा. मुलं हुशार असतात, ॲपही चालतं. बाजार समितीच्या आवारात मात्र ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरचा कांदा बघून क्विंटलला भाव पुकारला जातो, आणि ट्रॉली व्यापाऱ्याच्या खळ्यावर रिकामी होताना खालून गोल्टी निघते, पत्ती निघालेला माल निघतो, कधी ओल निघते. मग व्यापारी वांधा काढतो. भाव कमी करा म्हणतो. शेतकरी म्हणतो, लिलावात डोळे मिटले होते का? हमाल थांबलेले, मागे ट्रॅक्टरची रांग, आणि समितीचा माणूस मध्यस्थीला. शेवटी ठरतो तो भाव हिशेबपट्टीवर चढतो. म्हणजे लिलावातला भाव अंतिम नसतोच. ज्या ॲपच्या डेटाबेसमध्ये ‘भाव’ नावाचा एकच रकाना आहे, त्याला लासलगाव कळलेलं नाही. पुकारलेला भाव, वांधा, वांध्याचं कारण, कोणी मिटवला, अंतिम भाव, हमाली-तोलाई वजा जाता हातात आलेले पैसे, असे निदान सहा रकाने लागतात. त्यातला ‘कारण’ हा रकाना भरणार कोण, यावर पुन्हा भांडण होईल ते वेगळंच.

ही यादी मला कुठल्या पुस्तकात मिळाली नाही. निफाडच्या एखाद्या घरातल्या बारावी झालेल्या मुलीला ती पाठ असते. ट्रॅक्टरवर वडिलांच्या शेजारी बसून ती खळ्यावर गेलेली असते, हिशेबपट्टी घरी आल्यावर बेरीज तिनेच तपासलेली असते. आणि हीच मुलगी नाशिकला एसटीने येऊन बीबीए (सीए)ला बसते, तेव्हा तिला ‘ऑनलाइन शॉपिंग सिस्टीम’ हा प्रोजेक्ट मिळतो, कारण त्याचा कोड मागच्या बॅचकडून तयार मिळतो. तिला शहरातल्या मुलांपुढे इंग्रजीची धास्ती असते. जो विषय तिला त्या वर्गात सर्वांहून जास्त कळतो, त्याबद्दल तीन वर्षांत तिला कोणी एकदाही विचारत नाही. ग्रामीण मुलं व्यवसायाच्या विषयात ‘कच्ची’ असतात, असं म्हणणाऱ्या प्राध्यापकांनी हिशेबपट्टी वाचून दाखवावी.

अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतींचं थोडक्यात सांगतो. मोठ्या कारखान्याकडून कास्टिंग येतात, छोट्या वर्कशॉपमध्ये मशीनिंग होतं, माल चलनावर परत जातो. हे जॉबवर्क. मालाची मालकी बदललेली नाही, म्हणून बिल मजुरीचंच. पण माल ठरलेल्या मुदतीत, साधारणपणे वर्षभरात, परत गेला नाही तर कायदा त्याला विक्री मानतो. शंभर नग आले, सत्त्याण्णव गेले, दोन रिजेक्ट, एक हरवला. स्क्रॅप कोणाचा? हे प्रश्न रोजचे आहेत, आणि त्यांची उत्तरं अजून पुष्कळ ठिकाणी एक्सेलच्या शीटमध्ये आणि सुपरवायझरच्या डोक्यात आहेत.

यावर ठरलेला आक्षेप येतो, आणि तो फेटाळण्यासारखा नाही. कर्ज काढून शिकवणारा बाप म्हणतो, साहेब, कांद्याचं आणि कास्टिंगचं सॉफ्टवेअर कोण विकत घेणार? पोराला हिंजवडीच्या आयटीत लावायचंय. मोठ्या कंपन्या बी.एस्सी., बीसीएच्या मुलांना घेतात, पगार ठरलेला, लग्नाच्या बाजारात नावही चालतं. खरं आहे. पण त्या दारातली गर्दी आणि दाराचं माप दोन्ही बदलतंय. जुलै २०२५ मध्ये टीसीएससारख्या कंपनीने जवळपास दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक, कर्मचारी कमी करण्याचं जाहीर केलं. त्यावरून सगळं संपलं असं म्हणणं बालिशपणाचं ठरेल. पण ‘कोड लिहिता येतो’ एवढ्या भांडवलावर रांगेत उभं राहणं पूर्वीपेक्षा महाग पडणार, एवढं म्हणायला हरकत नाही. आणि हिंजवडीतही काम शेवटी कोणाचं करायचं? बँकेचं, विमा कंपनीचं, दुकानांच्या साखळीचं. तिथेही लाल डबा चालत नाही.

शिवाय नाशिकमध्ये काहीच नाही, हेही पूर्ण खरं नाही. पीयूष सोमाणी यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या ईएसडीएसचं डेटा सेंटर सातपूरला आहे, आणि सहकारी बँकांची कामं चालवणं हा तिच्या व्यवसायाचा एक भाग आहे. सहकारी बँकेचं काम म्हणजे दिवसअखेरीचा ताळा जुळणं, नव्वद दिवस हप्ता थकलेलं कर्ज अनुत्पादक ठरणं, त्यावरच्या व्याजाची नोंद बदलणं. सर्व्हर चालू ठेवणाऱ्यालाही हे ठाऊक असावं लागतं, कारण फोन ‘सर्व्हर बंद आहे’ असा येत नाही, ‘ताळा जुळत नाही’ असा येतो. दुसरं नाव सुनील खांडबहाले यांचं. त्र्यंबक रस्त्यावरच्या महिरावणीचा, मराठी माध्यमातला मुलगा; अभियांत्रिकी शिकताना इंग्रजी आडवं आलं, म्हणून शब्दकोश गोळा करत गेला आणि त्याचं डिजिटल कोशांचं संकेतस्थळ झालं. पुढे ते व्यवस्थापन शिकायला एमआयटीत स्लोन फेलो म्हणून गेले. दोन्ही उदाहरणं अपवाद आहेत, मान्य. अपवादांवर शैक्षणिक धोरण ठरवू नये, हेही मान्य. पण दोन्हींत काम आधी दिसलं आणि तंत्र त्यामागून आलं, इतकं तरी घेता येईल.

मग निवडायचं काय? बारावीला विज्ञान आणि गणित असेल, आणि गणिताची नावड नसेल, तर मी डोळे झाकून बी.एस्सी. (कॉम्प्युटर सायन्स) म्हणेन. डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टीम, संख्याशास्त्र हे विषय एकट्याने शिकणं कठीण असतं. तिथे वर्ग, प्रॅक्टिकल आणि परीक्षेचा धाक कामाला येतो. व्यवसायाची बाजू मग एखाद्या करसल्लागाराकडे सुट्टीत सहा आठवडे बसून भरून काढावी. टॅलीत व्हाउचर टाकण्याचं काम कमीपणाचं नाही. वाणिज्य शाखा असेल तर बीबीए (सीए) जरूर घ्यावं, पण तीन वर्षं ‘मी कॉम्प्युटरचा’ म्हणत अकाउंट्सकडे पाठ फिरवू नये. त्या वर्गात तोच आपला हुकमी पत्ता आहे. बारावीला गणित सोडण्याआधी मात्र दहा वेळा विचार करावा. एमसीएच्या पात्रतेत बारावीची किंवा पदवीची गणिताची अट वारंवार दिसत आली आहे, आणि अठराव्या वर्षी टाळलेलं गणित एकविसाव्या वर्षी दारात उभं राहतं.

आणखी एक वाट अनेकांना माहीत नसते. आयआयटी मद्रासची २०२० मध्ये सुरू झालेली डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी. जेईई लागत नाही, पात्रतेची परीक्षा वेगळी. दुसरी पदवी करतानाही ती करता येते, आणि मध्येच डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं. तिच्यात प्रोग्रॅमिंग आणि डेटाबेस आहे, वेब ॲप बनवण्याचे दोन विषय आहेत, आणि ‘बिझनेस डेटा मॅनेजमेंट’ नावाचा एक विषय आहे, ज्याच्या प्रोजेक्टसाठी विद्यार्थ्याला खऱ्याखुऱ्या व्यवसायाकडे जाऊन त्याची आकडेवारी मिळवावी लागते. मेडिकल स्टोअर, पिठाची गिरणी, कापडाचं दुकान, काहीही. दुकानदार आधी हाकलून देतो, मग दोन वह्या दाखवतो, त्यातली एक खरी असते. हा अनुभव चेन्नईत बसून आखलेल्या अभ्यासक्रमात येतो आणि रविवार कारंज्यापासून चालत पोचता येईल अशा कॉलेजांत येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

करता येण्यासारखं फार नाही, पण आहे. तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टला एक नाव बंधनकारक करावं: ज्याच्यासाठी ही सिस्टीम केली तो माणूस. दुकानदार, अडत्या, वर्कशॉपचा मालक, पैठणीचा विणकर. तोंडी परीक्षेला संगणकाच्या परीक्षकाशेजारी वाणिज्यचा शिक्षक बसवावा. गोखले एज्युकेशन सोसायटीच्या आवारात विज्ञान आणि वाणिज्य ही दोन कॉलेजं शेजारी-शेजारी उभी आहेत. अशा ठिकाणी तर शिक्षकाला रस्ताही ओलांडावा लागणार नाही. यावर प्राध्यापक मित्र सांगतात की बाहेरचा परीक्षक एका दिवसात तीस-चाळीस प्रोजेक्ट उरकतो, दुकानदाराला बोलवायला वेळ कुठला? बरोबर आहे. पण खरी अडचण त्याच्याही आधीची आहे. हे अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित चालतात. शिकवणारे तासिका तत्त्वावर, दर वर्षी नवी नेमणूक, सुट्टीत पगार नाही. ज्याला डेटाबेस आणि खतावणी दोन्ही नीट कळतात, त्याला बाहेर महिन्याला जे मिळतं त्याच्या आसपासही हे मानधन जात नाही. दोन शाखा जोडण्याचं सगळ्यात अवघड काम आपण सगळ्यात कमी पैशांच्या, सगळ्यात कच्च्या नोकरीवर सोडलेलं आहे.

म्हणून पालकांना माझी एकच सूचना असते. कॉलेजची प्रयोगशाळा बघू नका, प्लेसमेंटचा फलक बघू नका. प्रवेशाच्या खिडकीवर विचारा: अकाउंट्स आणि डेटाबेस शिकवणारे शिक्षक किती वर्षांपासून इथे आहेत, आणि मागच्या वर्षीच्या प्रोजेक्टपैकी किती आज कुठल्या दुकानात चालू आहेत? मी हे विचारून पाहिलंय. समोरून माहितीपत्रक येतं. त्यात वातानुकूलित लॅबमधल्या संगणकांची संख्या ठळक अक्षरांत असते.